पट्टेरी चंद्रकोर

या, जवळ बसा, जुन्या फोटोची गोष्ट सांगतो. रशियातल्या कोस्त्रोमा शहरातल्या ग्लाफिरामावशीकडे दोन शिपायांचा फोटो होता. एक देखणा मिशाळ, दुसरा सुपाएवढ्या कानांचा. क्रांतीनंतर झारची खूण घरात सापडायला नको, म्हणून तिच्या आजीने खांद्यांवरच्या पट्ट्या सुईने खरवडलेल्या. मिशाळच आजोबा असं धरून मावशी दर पितृशनिवारी त्याच्यापुढे घावन ठेवी. यंदा गणवेशांच्या जाणकार झाखारने भिंग लावलं. "मावशी, आजोबा लढाईत काय करायचे?" "कर्णा वाजवायचे, एवढंच आजी बोलली." "मग हा कानवाला! खांद्याच्या शिवणीवर ही पट्टेरी चंद्रकोर फक्त वाजंत्र्यांना असायची. सुई इथवर पोचलीच नाही!" "देवा! साठ वर्षं परक्याला जेवू घातलं?" पोट धरून हसत मावशीने कानवाल्याचा मुका घेतला आणि तव्यावर दुसरं घावन टाकलं. "मिशाळबुवा, तुम्हाला उपाशी थोडंच ठेवेन?" मंडळी, त्या बिननावाच्या मिशाळाची आठवण ठेवा.