कठड्याचा विषय

नेऱ्याच्या पलीकडच्या त्या गावात विहिरीचा कठडा ढासळून दोन वर्षं झाली होती, आणि सत्यवती काकी तेवढा एकच विषय घेऊन दर ग्रामसभेला पुढच्या रांगेत बसायची. पण विषय निघायच्या आतच सरपंच भावेश हात जोडून उभा राहायचा. गावात नाहीतर तालुक्यात कुणी ना कुणी गेलेलं असायचंच. त्याला श्रद्धांजली वाहायची, सभा तहकूब करायची आणि गाडी काढून पनवेल गाठायचं, ही त्याची रीत.

"मेलेल्यांचा मान ठेवतोस, आता जित्यांचा पन आयक," काकी एकदा वैतागून म्हणाली.

"काकी, दिल्लीला संसदेत पन असाच करतान," भावेश हसत म्हणाला.

परवाच्या सभेला काकी मोकळ्या कपाळानं आली. तिचा नवरा दाजी त्याच विहिरीत पडून गेला होता, तेराव्याला चार दिवसही झाले नव्हते. आज भावेश सुटत नाही, याची तिला खात्री होती. म्हणून या खेपेला तिनं वाटच पाहिली नाही. सभा सुरू होताच सगळ्यांच्या आधी तीच उठली.

तिला पाहून भावेश उठला. त्याच्या मागोमाग सगळा गाव उठला, माना खाली घालून, चिडीचूप. दोन मिनिटांनी लोक चपला शोधायला लागले, आणि ग्रामसेवकानं वहीत लिहिलं :

"कै. दाजी यांना श्रद्धांजली वाहून सभा तहकूब. ठरावाच्या सूचक : श्रीमती सत्यवती."