दोघांत एक कोट

“मुश्तुलुग काढ, सनुबर खाला,” बालाहुसेन फाटकातूनच ओरडला. “तुझा अझदर जिवंत आहे. बोटीने दवाखान्यात आणलंय त्याला.”

सनुबरच्या हातातली चाळण खाली पडली. गोड बातमी सर्वांत आधी आणणाऱ्याला मुश्तुलुग द्यावा लागतो, तो मागेल ते. आमच्या किनाऱ्यावरचा हा नेम. त्या आठवड्यात तो पाळायची वेळ फार थोड्या घरांवर आली. बालाहुसेन बंदराच्या कचेरीत कारकून होता. बिचाऱ्याने काही मागितलं नाही. सनुबरनेच पेटी उघडली आणि होणाऱ्या सुनेसाठी जपून ठेवलेला रेशमी रुमाल त्याच्या हातात कोंबला.

“लेकीला दे तुझ्या,” ती म्हणाली. “आणि चल, मला दवाखान्यात घेऊन चल.”

परवा दुपारी दोन वाजता उत्तरेकडून येणाऱ्या खझरी वाऱ्याने समुद्रातला पूल तोडला होता. किनाऱ्यापासून बोटीने सहा तासांवर, सात जुनी जहाजं बुडवून त्यांच्या पाठीवर ती तेलाची वस्ती उभी केलेली. विहिरीपासून विहिरीपर्यंत पूल, आणि पुलावरच माणसांचा संसार. बंदरात बातमी आली ती बिनतारी यंत्रावरून, आणि तीही नुसत्या आकड्यांची. प्रत्येक कामगाराच्या खिशात नंबराचा पितळी बिल्ला असे. वाचलेल्यांपैकी जे बोलू शकत नव्हते त्यांचे बिल्ले वाचून यादी पाठवली होती. अझदरचा दोनशे चौदा तिच्यात होता. त्याच्या सोबत्याचा, आगासेफचा नव्हता.

वाटेत आगासेफचं घर लागलं. आतून रडण्याचा आवाज येत होता. सनुबरने मान खाली घातली आणि पावलं हलकी टाकली. आपल्याला झालेल्या आनंदाची तिला लाज वाटली.

अझदर आणि आगासेफ जोडीदार होते. वस्तीवर जागा कमी, सामान त्याहून कमी. दोघांत मिळून एक खाट आणि कापूस भरलेला एक कोट. एकाची पाळी संपली की तो कोट दुसऱ्याला देई आणि ऊब असलेल्या खाटेत शिरे. त्या कोटापायी दोघांच्या आयांचं दोन वर्षं वाकडं होतं. तुझ्या लेकाने कोपर फाडलं, तूच शीव, असं दोघीही म्हणत. शेवटी डावं कोपर सनुबरने शिवलं, उजवं आगासेफच्या आईने, तुकेझबानने. एकीचा दोरा काळा, दुसरीचा तपकिरी.

दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर तो कोट तिला लांबूनच दिसला. डाव्या कोपरावरचे आपले टाके तिने ओळखले. मग तिने वर चेहऱ्याकडे पाहिलं.

खारट पाण्याने सुजलेला तो चेहरा आगासेफचा होता.

“कोट काढूच देत नाही,” परिचारिका म्हणाली. “आत्ताच डोळे उघडलेत. तुमचाच ना हा?”

सनुबर खाटेच्या कडेवर बसली. आगासेफचे ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

“भोंगा वाजला तेव्हा मी झोपेतून सदऱ्यावरच धावलो, खाला. तो म्हणाला, कोट घाल. मी म्हटलं, पाळी चारला बदलते. तर म्हणाला, आज दोन तास आधी घे, हिशेब मागू नकोस. मग लाट आली.”

अझदर तसाच होता. लहानपणी थाळीतला मांसाचा तुकडाही तो असाच चेष्टा करत दुसऱ्याच्या थाळीत टाकायचा. सनुबरला रडू आलं नाही. तिने कोट आगासेफच्या गळ्यापर्यंत ओढून दिला आणि आत हात घालून खिशातला बिल्ला काढून घेतला. तो तिने मुठीत धरून ठेवला.

मागे उभ्या असलेल्या बालाहुसेनने रुमाल पुढे केला. “घे, खाला. माझी बातमी खोटी ठरली.”

“बातमी खोटी नव्हती रे,” सनुबर म्हणाली. “दार चुकलं. रुमाल राहू दे तुझ्याकडे. त्या दारी आता मी जाते.”

तुकेझबानच्या घरी आरशावर दुखवट्याची चादर टाकलेली होती. चुलीवर मयताचा हलवा ढवळला जात होता. सनुबर उंबऱ्यात दिसली तशी बायकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. जिचा मुलगा वाचला तिने आज या घरी यावं, हे कुणालाच रुचलं नाही.

“का आलीस?” तुकेझबान म्हणाली. हलवा ती स्वतःच ढवळत होती. “कोपर उसवलं का पुन्हा?”

“मुश्तुलुग काढ, तुकेझबान.”

“वेड लागलंय हिला,” कुणीतरी पुटपुटलं.

“आगासेफ दवाखान्यात आहे. डोळे उघडलेत त्याने. माझ्याशी बोलला.” सनुबरने मूठ उघडली. “बिल्ला अझदरचा होता. कोटाच्या खिशात राहिलेला.”

तुकेझबान बिल्ल्याकडे पाहत राहिली. मग सनुबरच्या तोंडाकडे. हलवा करपू लागला तरी तिचा हात हलेना. समजायला तिला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा ती जिथे होती तिथेच खाली बसली. हसावं की रडावं, काहीच तिला जमत नव्हतं.

“माग,” ती कशीबशी म्हणाली. “घर माग माझं, सनुबर. काय देऊ तुला?”

“तो कोट,” सनुबर म्हणाली. “पण आत्ता नको. पोराची थंडी अजून गेलेली नाही.”