थोरला भाऊ

"आजी आलीय तुझी. पाया पड की!" तुरुंगातला नवा शिपाई त्या सोळा वर्षांच्या पोरावर खेकसला.

जुई हसली. गुडघ्यांवर हात टेकत ती वाकली आणि तिनंच पोराच्या पायांना हात लावला. "थोरला भाऊ आहे हो माझा."

शिपाई वरमला. जन्मठेप झालेल्या पोरांना सुटका नव्हतीच; वर शिक्षा लवकर आटपू नये म्हणून सरकार त्यांना वय थांबवणारी लस टोचायचं. अन्वयच्या हातून खून झाला आणि त्याला ती टोचली, तेव्हा जुई दुसरीत होती.

दर भाऊबीजेला ती यायची. आजही तिनं पिशवीतून ताम्हण काढलं. आत विस्तव चालत नसे, म्हणून निरांजनाच्या जागी सेलचा दिवा होता. टिळा लावून ती ओवाळायला लागली, पण हात लटपटत होता. गेल्या वर्षी असा नव्हता.

अन्वयनं अलगद ताम्हण काढून घेतलं, तिला खुर्चीवर बसवलं आणि तिच्या पांढऱ्या केसांभोवती तो दिवा फिरवू लागला.

"दादा, उलटंच करतोयस. बहिणीनं ओवाळायचं, भावाला औक्ष मिळावं म्हणून."

"मला काय करायचंय आणखी औक्ष?" तो म्हणाला. "तू पुढच्या वर्षी ये."