चार थेंब

चाकणच्या कंपनीत दीपमालाचं कंत्राट वाढणार की संपणार, ते आज ठरणार होतं. आठ दिवस दाढेतला ठणका मशीनच्या ठोक्याला ठोका देत होता. पण रजा मागेल त्याचं नाव कटत होतं, म्हणून लवंग तेलाचा बोळा दाढेखाली धरून ती उभी होती.

सुपरवायझर उद्धवरावांना फुगलेला गाल दिसला. "तंबाखू खातीस व्हय गं? उघड तोंड!"

तिनं तोंड उघडलं. आधी डोळ्यांतलंच पाणी बाहेर आलं, मग लवंग तेलाचा वास.

"दवाखान्यात जायचं की!"

"साहेब, रजा दिली असती तुम्ही?"

उद्धवरावांचा हात हळूच स्वतःच्या गालावर गेला.

"बाटली जवळ असंल तर चार थेंब दे, बाई. माझंबी कंत्राट आजच ठरतंय."