आधाराची दांडी

मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे पाय हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार आहे आणि माझा नवरा प्लंबर. मानेतली शीर अरुंद झालीय, फुगा घालून रुंद केली की पाय सुधारतील, हे डॉक्टरांचं म्हणणं त्याला लगेच पटलं. “तुंबलेली लाइन मोकळी करायची, एवढंच ना!” ऑपरेशननंतर महिनाभर मी खरंच बरी चालले. त्या आनंदात पठ्ठ्याने बाथरूममधली माझी आधाराची दांडी काढून भोकं सिमेंटने बुजवली. मग पाय पुन्हा जड झाले. त्याच्या तोंडाकडे बघून मी गप्प राहिले, नळाला धरून उठू लागले. नळ सारखा ढिला होतो म्हणून तो कंपनीला शिव्या घालत आवळायचा. आज पाना घेऊन आत आला, तर मी नळाला लोंबकळतेय. त्याने ड्रिल आणलं, बुजवलेल्या भोकावर टेकवलं. “तिथे नको,” मी म्हणाले. “वीतभर खाली घे. व्हीलचेअरमधून हात पोचायला हवा.”