सरांचे चार प्रश्न

शनिवारी यज्ञेश्वर सरांनी पुरानी बस्तीतल्या आपल्या घरी मुलांना नेहमीसारखा सिनेमा दाखवला. पुढच्या खोलीत भिंतीवर पांढरी चादर, समोर सतरंजीवर कॉलेजची वीसेक मुलं. उसाच्या मळ्यातून पळालेली एक गुलाम बाई नदीत गळ्यापर्यंत उभी होती आणि काठावर कुत्री भुंकत होती. सरांनी सिनेमा थांबवला.

"इतिहास सनावळीत नसतो. ज्यानं सोसलं त्याच्या तोंडी असतो," ते म्हणाले. मग आत वळून हाक मारली, "कृष्णा, चहा!"

पन्नास वर्षं त्या घरात राबणारी कृष्णा दारातच उभी होती, पदरानं डोळे पुसत. ती आत गेली. चहा उकळेपर्यंत उरलेला सिनेमा संपला.

कप विसळताना तिनं सरांच्या मुलीला, शर्मिष्ठाला विचारलं, "पोट्टी, ते बाई पोचली का वं आपल्या घरी?"

"पोचली, मावशी."

रविवारी पहाटे सर झोपेतच गेले.

तेराव्या दिवशी त्याच खोलीत शोकसभा झाली. शर्मिष्ठानं इतके दिवस डोळे कोरडे ठेवले होते. रडलं तर बाबांवरचा राग विरघळेल, याची तिला भीती होती.

सरांचा लाडका विद्यार्थी अनिमेष बोलायला उठला. "गुलामीतून आलेल्या माणसाला चारच प्रश्न विचारायचे आणि गप्प बसून ऐकायचं, हे सरांनी शिकवलं. वय काय होतं? कोणी आणलं? विचारून आणलं का? परत जाता येत होतं का?"

तो बसायच्या आत शर्मिष्ठा उठली. स्वयंपाकघरातून कृष्णाला हाताला धरून तिनं आणलं आणि सरांच्या फोटोसमोर खुर्चीवर बसवलं. कृष्णा खुर्चीच्या कडेला नुसती टेकली.

"मावशी, तू या घरात आलीस तेव्हा वय काय होतं?"

"मले काय ठाऊक! दुधाचे दात पडून राहिले होते."

एकदोघं हसले.

"कोणी आणलं?"

"सरांनीच. आमच्या गावी मास्तर होते ना तेव्हा. सायकलवर पुढं बसवून आणलं."

आता कोणी हसलं नाही.

"तुला विचारलं होतं?"

"लेकराले कोणी विचारते का?" कृष्णा कुजबुजली, "हळू बोल वं. सर ऐकतील."

"ऐकू दे."

"शमू, बस कर," शामरावकाका म्हणाले. "भाऊ होता माझा तो. आजच्या दिवशी काहून काढून राहिली हे?"

"काका, उद्या ही माणसं जमणार नाहीत." तिनं हाराआडच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटत होतं. "मावशी, शेवटचं. परत जाता येत होतं?"

कृष्णानं एकदा स्वयंपाकघराकडे वळून पाहिलं.

"एकदा निघाली होती. माय गेल्याचा निरोप आला होता. सर म्हणे, घरी पाहुणे हाय, मग जाजो. दुपारी सारे निजले तेव्हा मी मागचं दार उघडलं. पाहते त मागं सर उभे. कसं समजलं त्याईले, देव जाणे. मंग नाही निघाली कधी."

अनिमेषनं मान खाली घातली. शामराव खिडकीबाहेर बघू लागले. शर्मिष्ठाला हवं होतं ते सगळं झालं होतं. आता फक्त जागेवर जाऊन बसायचं होतं.

ती तिथेच खाली, कृष्णाच्या पायाशी बसली.

"देवाला काय विचारतेस, मावशी," ती म्हणाली. "त्या दुपारी बाबांना मी उठवलं होतं. उद्या माझी वेणी कोण घालील म्हणून."