सरकारची सून

टक्. स्केचपेनचं टोपण फरशीवर पडलं.

विनिताने श्वास रोखला. पाळण्यात दोन बाळं नुकतीच डोक्याला डोकं लावून झोपली होती. तिचा ॲल्रॉय तीन महिन्यांचा, आणि तिच्या धाकट्या जावेचा, एलिसाचा, जेन्सन दोन महिन्यांचा. ॲल्रॉयने नुसती मूठ उघडली आणि मिटली.

"सॉरी," विनिताची थोरली लेक ज्युली कुजबुजली आणि पालथी पडून पुन्हा पुठ्ठा रंगवायला लागली. मे महिन्याची सुट्टी होती. काकीने पेन्सिलने मोठाली अक्षरं काढून दिली होती, त्यांत ती सकाळपासून लाल रंग भरत होती.

विनिताने डब्याचं झाकण आवाज न करता लावलं. नऊला लॅबमध्ये अंगठा लावायचा होता. बाळ चाळीस दिवसांचं झालं आणि ती कामावर परत गेली. मालकांनी फोनवर गोडच सांगितलं होतं, "जमत नसेल तर बाळाजवळच बसा मॅडम. जागेसाठी दहा जणी रांगेत आहेत." तेव्हापासून रोज सकाळी ती दूध काढून स्टीलच्या वाटीत झाकून ठेवायची आणि बाळाला एलिसाकडे देऊन निघायची. एलिसा सरकारी दवाखान्यात नर्स. नोकरी कायम, बाळंतपणाची रजा सहा महिने, भरपगारी. कधी कधी संध्याकाळी विनिता परत यायची तेव्हा वाटी तशीच भरलेली असायची, आणि ॲल्रॉय पोट भरून झोपलेला. तिने कधी विचारलं नाही. एलिसाने कधी सांगितलं नाही.

एलिसा आतून आली ती पांढरा युनिफॉर्म घालून. तो अजून कमरेत बसत नव्हता. बाजूला सेफ्टी पिन लावली होती.

"वैनी, आजपासून संप. रात्री उशिरा मेसेज आला. दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसायचंय."

"तू रजेवर आहेस ना? रजेवरच्या बाईला कसला संप?"

दारात बूट घालत असलेला विनिताचा नवरा लेस्टर हसला. "सरकारची सून ती! टॅक्स आमचा कापतात, रजा हिला. आता रजेतही संप."

"तुमच्या टॅक्समधून मी दिवसभर तुमच्याच पोराची दुपटी बदलते, दादा."

लेस्टरने कान पकडले, पाळण्यात एकदा डोकावला आणि बाइक ढकलतच फाटकाबाहेर नेली. अंगणात सुरू केली असती तर बाळं उठली असती.

विनिता मात्र हसली नव्हती. "आणि मी काय करू?" आवाज चढला तसा तिने तो लगेच खाली घेतला. मग सगळं भांडण कुजबुजतच झालं.

"तुमची युनियन तुमचं बघते, एलिसा. आज मी गेले नाही तर उद्या माझ्या खुर्चीत दुसरी बसेल. आणि दवाखान्यात येणाऱ्या बायका? त्या पण माझ्यासारख्याच. त्यांनी खाजगीत कुठून जायचं?"

"खरंय," एलिसा म्हणाली. "बाळंतपणाच्या वॉर्डात चौघी थांबल्यात. पण बाकीच्यांचे हाल होणार. होतातच."

तिने पाळण्याची दोरी हातात धरली, पण ओढली नाही.

"माझी ड्युटी आता जागृती करते. कंत्राटावर आहे. तिला रजाच नाही, वीस दिवसांचं बाळ ठेवून परत आली. औषधांच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून दूध पिळायची, बेसिनमध्ये सोडून द्यायची. तेव्हा मला सातवा होता. मी बघायचे आणि वॉर्डात निघून जायचे."

लॅबच्या बाथरूममध्ये विनिताही दिवसातून दोनदा तेच करायची. घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

घड्याळात सव्वाआठ झाले. एलिसाने जेन्सनला ओढणीत गुंडाळून छातीशी बांधलं आणि ॲल्रॉयला उचलून खांद्यावर टाकलं. दोघांतला एकही उठला नाही.

"दोघांना नेते. तिथे तीस नर्सा बसल्यात, वैनी. एवढी सोय राजाच्या पोराला नसते."

"ऊन किती आहे बाहेर."

"मांडव आहे. पंखे पण लावलेत."

विनिताने फ्रिजमधून वाटी काढली, पिशवीत ठेवली. क्षणभर थांबली. मग वाटी परत काढून फ्रिजमध्ये ठेवली.

"उन्हात नासेल," ती म्हणाली.

"हां, नासेल," एलिसा म्हणाली. आता दोघींनाही हसू आलं, आणि दोघींनी ते दाबलं.

केळीच्या वाडीच्या कडेला रिक्षा येऊन थांबली. विनिताने ॲल्रॉयच्या टोपड्याचे बंद पुन्हा एकदा बांधले. ते सुटले नव्हते. ज्युली पुठ्ठा छातीशी धरून सगळ्यांच्या आधी आत जाऊन बसली होती. पुठ्ठा उलटा करून ती रंगवलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत वाचायला लागली.

"कं-त्रा-टी आ-यां-ना प-ण स-हा म-हि-ने." तिने मान वर केली. "काकी, कंत्राटी म्हणजे?"

"जिला रजा मिळत नाही ती."

"तू कंत्राटी आहेस?"

"नाही गं. मी कायम."

रिक्षावाल्याने इंजिन सुरू केलं. विनिताच्या एका हातात डबा होता, दुसरा अजून टोपड्यावर. ज्युलीने त्या हाताला बोट लावलं.

"मम्मी, मग तू कंत्राटी आई आहेस?"